पंचवीसची जुडी

फुपीचं, म्हणजे माझ्या आत्याचं, खुब्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं, तेव्हा भूल पुरती उतरली नव्हती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, आणि चादरीवर ठेवलेला उजवा हात मात्र सारखा हलत होता. बीपी घ्यायला आलेल्या सिस्टरने ते पाहिलं. "मावशींच्या हाताला कंप आहे का आधीपासून?" मी म्हटलं, "नाही, तस्बीह पढतायत त्या. रोजची सवय आहे." सिस्टर म्हणाली, "आमची आजी पण झोपेत माळ ओढायची," आणि पुढच्या कॉटकडे गेली. मी खुर्ची ओढून बसले. बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्यावर मनात आलं, ही तस्बीहच आहे का नक्की? बोटांवर तस्बीह, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप, मोजताना अंगठा एका पेरावरून दुसऱ्या पेरावर सरकत जातो. फुपीचा अंगठा सरकत नव्हता. तो तर्जनीच्या कडेवर एकाच जागी पुढे-मागे काहीतरी वळत होता, आणि मधूनच नखाने काहीतरी दुमडत होता. ही विडी वळायची हालचाल. विड्या वळणं सोडून फुपीला कितीतरी वर्षं झाली होती. ओठही हलत होते, पण त्यातून आवाज येत नव्हता.

ती विडी वळत होती की अल्लाहचं नाव घेत होती, हा प्रश्न त्या रात्री जो डोक्यात शिरला तो गेला नाही.

सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी सूप होतं, आणि ते धान्य पाखडायला कमी अन् मांडीवर घेऊन विडी वळायला जास्त वापरलं जायचं. दादीमा आणि फुपी उंबऱ्याजवळ, उजेड येईल अशा बेताने, पाय पसरून बसायच्या. तेंदूची पानं रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. सकाळी ते फडकं उघडलं की पावसात भिजलेल्या पाचोळ्यासारखा वास घरभर व्हायचा. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापायचे. त्या कात्रीचा कर्र कर्र आवाज हा माझ्या लहानपणीच्या सकाळचा आवाज. पान डाव्या हातावर, त्यावर चिमूटभर तंबाखू, ती बोटाने सारखी पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड नखाने दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, झाली विडी. दादीमाच्या हातून हे इतक्या भराभर व्हायचं की नजर ठरत नसे. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचा हजार. मजुरी हजारावर. संध्याकाळी सगळा माल घेऊन विडी कारखान्यात जायचं आणि तिथला माणूस जुड्या हातात घेऊन, दाबून, उलटून बघून त्यातल्या काही बाजूला टाकायचा. छाट. छाट विड्यांचे पैसे नाहीत. त्या परतही मिळत नसत.

आणि हे सगळं चालू असताना दादीमाचे ओठ हलत असायचे. जुडी धरून तिचा हिशेब होता. पहिल्या जुडीला दर विडीमागे सुब्हानल्लाह. दुसऱ्या जुडीला अल्हम्दुलिल्लाह. तिसरीला ला इलाह इल्लल्लाह, चौथीला अल्लाहु अकबर. चार जुड्या झाल्या की शंभर झाले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मधे कुणी आलं, भाजीवाल्याशी घासाघीस झाली, आम्हा पोरांवर ओरडून झालं, की हातातल्या विडीवर बघून ती बरोबर तिथूनच पुढे सुरू करायची. मी एकदा विचारलं होतं, नमाज झाल्यावर पढतेस ना, मग परत इथे कशाला? ती म्हणाली, "हाताँ काम में हैं, जबान तो खाली है ना? उसकू कायकू खाली रखना?"

नमाजीनंतरची तस्बीह तेहतीस, तेहतीस आणि चौतीस अशी असते, हे आम्हाला लहानपणीच बोटं धरून शिकवलं होतं. एका हाताची पंधरा पेरं, दोन्ही हातांची तीस, वर आणखी तीन. तस्बीह-ए-फातिमा म्हणतात तिला, आणि तिच्यामागची गोष्ट आमच्या घरातल्या बायकांना तोंडपाठ होती. दादीमा ती सांगायची तेव्हा मदिना जणू सोलापूरच्याच पलीकडे कुठेतरी असावं असं वाटायचं. हजरत फातिमा म्हणजे प्रेषितांची (स.) लेक. घरात नोकरचाकर नाही, जातं ओढून ओढून हाताला घट्टे पडलेले. वडिलांकडे युद्धकैदी आल्याचं कळलं तेव्हा एखादी कामाला मिळेल का म्हणून विचारायला गेली. वडील भेटले नाहीत, म्हणून त्यांच्या पत्नी हजरत आयेशांना सांगून परत आली. रात्री ती आणि तिचे पती हजरत अली अंथरुणावर पडलेले असताना प्रेषित स्वतः आले. दोघं उठायला लागली तर म्हणाले, पडा तसेच. आणि दोघांच्या मधे बसले. हजरत अली पुढे सांगायचे की त्यांच्या पावलांचा गारवा मला माझ्या छातीला जाणवला. मग ते म्हणाले, तुम्ही जे मागितलंत त्याहून चांगलं सांगू का? झोपताना तेहतीस वेळा सुब्हानल्लाह म्हणा, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, चौतीस वेळा अल्लाहु अकबर. हे तुमच्यासाठी नोकरापेक्षा चांगलं आहे.

कॉलेजात असताना मला या गोष्टीचा राग यायचा. हाताला घट्टे पडलेली मुलगी मदत मागायला येते आणि तिला शब्द मिळतात. माझ्यासमोर दादीमाचे हात होते, तंबाखूने पिवळे-तपकिरी झालेले, कात्रीच्या कडीने अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेले. रात्री तिचा खोकला सुरू झाला की आम्ही सगळे जागे होत असू. त्या हातांना आणखी शब्द देऊन काय होणार, असं वाटायचं. पुढे वाचताना याच घटनेचं आणखी एक कथन भेटलं. त्यात प्रेषित म्हणतात, मशिदीच्या ओट्यावर, सुफ्फ्यावर राहणारे लोक उपाशी आहेत, त्यांची पोटं भुकेने पिळवटलीयत, त्यांना सोडून मी तुम्हाला देणार नाही. म्हणजे लेकीला नाही म्हटलं ते काहीच न देण्यासाठी नव्हतं, तिच्याहून गरजू असलेल्यांना देण्यासाठी होतं. यातून माझा राग थोडा निवळला, सगळा गेला नाही. आजही ही गोष्ट ऐकताना मी आधी त्या हाताशी थांबते. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती ती आता येते. अल्लाहच्या नावाची ही जी मोजणी आज जगभर अंथरुणावर पडताना केली जाते, ती जात्याच्या घट्ट्यांतून आली. एका बाईच्या दुखणाऱ्या हातांनी ती मागून घेतली. हजरत अली म्हणायचे, त्या दिवसापासून मी ती एकदाही सोडली नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? इ.स. ६५७ मधली ती लढाई, मुसलमानांची मुसलमानांशी, प्रेतांचे ढीग पडलेली. ते म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही.

जातं म्हटलं की आपल्याकडे ओवी आलीच. सोलापूरहून विजापूर फार दूर नाही. तिथल्या सतराव्या शतकातल्या सूफींनी जात्यावर बसणाऱ्या बायकांसाठी दखनीत गाणी रचली, त्यांना चक्कीनामा म्हणतात. विजापूरच्या सूफींवर इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली पुस्तक लिहिलं, त्यात या गाण्यांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागची उठून घरभर फिरले होते. एका चक्कीनाम्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावातलं पहिलं अक्षर. मधली खीळ म्हणजे मुहम्मद. खुंटा धरून एक फेरा ओढला की एक नाव. चरख्यासाठीही अशी गाणी होती, चरखानामे. खानकाहीत, म्हणजे सूफींच्या मठात, बसून श्वासाश्वासावर नाव घेण्याची जी साधना मुरीदांना, शिष्यांना, शिकवली जायची, तीच इथे पहाटेच्या अंधारात, पिठाच्या धुरळ्यात, मांडीवर पोर घेऊन चालायची. सूफींनी बायकांना जातं सोडून या असं म्हटलं नाही. ते गाण्यातून जात्यापर्यंत आले. पलीकडच्या घरात त्याच वेळी, तसल्याच जात्यावर, विठ्ठलाची ओवी चाललेली असणार. दोघींच्या जात्यांचा आवाज एकमेकींना ऐकू जात असेल, एवढं तरी मी खात्रीने म्हणू शकते.

अब्बांचं जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, वेगळं होतं. जुमेरातीच्या, गुरुवारच्या रात्री ते दर्ग्यात जायचे, तिथे पुरुष गोल करून बसत. लहान होते तोवर मलाही नेत. लोबानचा धूर, गुलाबपाण्याने ओलसर झालेली चादर, मधोमध एक वृद्ध गृहस्थ. सुरुवात अगदी हळू व्हायची. ला इलाह म्हणताना मान उजवीकडे वळायची, इल्लल्लाह म्हणताना डावीकडे, हृदयावर ठोका दिल्यासारखी खाली यायची. हळूहळू लय वाढत जायची, शब्द गळून पडायचे, आणि शेवटी नुसता श्वास राहायचा, तीस-चाळीस छात्यांतून एकदम निघणारा. मी अब्बांच्या पाठीला पाठ लावून बसलेली असायचे आणि त्यांच्या बरगड्यांमधून तो आवाज माझ्या पाठीत शिरायचा. त्याची मला भीती वाटायची आणि तो थांबू नये असंही वाटायचं. मोठी झाले तसं माझं जाणं बंद झालं. त्या आवाजाची आठवण अजून अंगावर काटा आणते, आणि त्याचबरोबर हेही आठवतं की त्याच वेळी घरी दादीमा दुसऱ्या दिवशीची पानं भिजवत असायची. पुरुषांच्या जिक्राला जागा होती, वेळ होती, लोबान होता. बायकांचं जिक्र दोन कामांच्या फटीत बसवलेलं.

असं मोठ्याने करायचं ते जिक्र-ए-जली, आणि मनातल्या मनात करायचं ते खफी. नक्शबंदी या सूफी सिलसिल्याची, परंपरेची मंडळी बहुतेक खफीवाली. त्यांच्या तत्त्वांतलं एक मला फार आवडतं, खल्वत दर अंजुमन. चारचौघांत, बाजारात, कामात असावं आणि आतून मात्र अल्लाहशी एकांतात. औरंगाबादची पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. तो हौद, तो वडाचा पार, वरून कोसळणारं पाणी. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची चक्की. बुखाऱ्याकडून दख्खनमध्ये आलेले हे नक्शबंदी सूफी. लांबच्या झऱ्यातून जमिनीखालच्या नळांनी आणलेलं पाणी त्या चक्कीचं पातं फिरवायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या-राहणाऱ्यांसाठी पीठ पडायचं. मौन जिक्र करणाऱ्यांच्या अंगणात दिवसभर चक्कीची घरघर! मोठेपणी पुन्हा गेले तेव्हा मी त्या पाण्याजवळ बराच वेळ उभी होते. कुरआनात म्हटलंय की सात आकाशं आणि पृथ्वी आणि त्यांत जे जे आहे ते सगळं त्याची तस्बीह करतं, पण त्यांची तस्बीह तुम्हाला समजत नाही. पाण्याचं मला खरंच समजत नाही. पण आमच्या उंबऱ्यातली कात्री मला आठवली.

गल्लीत वाज, म्हणजे धार्मिक प्रवचन, झाला होता एकदा. बाहेरून आलेल्या एका मौलवीसाहेबांनी सांगितलं की बायका हातात तंबाखू घेऊन अल्लाहचं नाव घेतात, हे बेअदबीचं आहे. वुजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून, दिल हजर ठेवून घ्यायचं असतं ते. पडद्यामागे बसलेल्या बायका गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत कात्र्यांचे आवाज होते पण पुटपुट नव्हती. दादीमा दोन-तीन दिवस ओठ मिटून विड्या वळत होती. मग एका सकाळी बघितलं तर ओठ पुन्हा हलत होते. ती कुणाशी याबद्दल बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मौलवीसाहेबांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही. तंबाखूचा प्रश्न मला आजही टोचतो. दादीमाच्या सुब्हानल्लाहबरोबर वळली गेलेली विडी कुणाच्या तरी फुप्फुसात गेली, आणि तिचा धुरळा तिच्या स्वतःच्या. अल्लाहच्या नावाने त्यातलं काही कमी झालं नाही. पण दिल हजर हवं हे जे ते म्हणाले, त्याबद्दल मात्र मला पुढे जे वाचायला मिळालं ते ऐकायला दादीमा असायला हवी होती. कुरआनात शहाण्या माणसांची ओळखच अशी दिलीय की ते उभे असताना, बसलेले असताना आणि कुशीवर पडलेले असताना अल्लाहची आठवण करतात. जुम्म्याची नमाज संपली की पृथ्वीवर पांगा, त्याने दिलेलं शोधा, कामधंद्याला लागा, आणि अल्लाहची पुष्कळ आठवण करा, असंही म्हटलंय, एकाच दमात. आणि इजिप्तमधल्या इस्कंदरियाचे, म्हणजे अलेक्झांड्रियाचे, सूफी इब्न अताउल्लाह, जे १३०९ साली कैरोत वारले, त्यांचं एक सांगणं आहे. मन हजर नाही म्हणून जिक्र सोडू नकोस. बेसावध मनाने नाव घेण्यापेक्षा नावच न घेणं हे जास्त वाईट. एकातून दुसऱ्याकडे नेणं अल्लाहच्या हातात आहे, कदाचित तो बेसावध जिक्रातून सावध जिक्राकडे नेईल. मला हे वाक्य फार जवळचं आहे, कारण फजरनंतर, पहाटेच्या नमाजीनंतर, मी बोटं मोजायला बसते तेव्हा पहिल्या तेहतीसातच गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवतं, दुसऱ्या तेहतीसात मुलाची फी, आणि चौतीसाव्या अल्लाहु अकबरला पोचते तेव्हा कुठे मी तिथे असते. तेवढ्या एकासाठी बाकीचे नव्याण्णव लागतात, असं मला आता वाटतं.

सगळ्यात मोठं नवल अजून सांगायचं राहिलंय. दादीमाची पंचवीसची जुडी ही तिच्या सोयीची मोजणी, मजुरीतून आलेली, असं मी कायम धरून चालले होते. काही वर्षांपूर्वी हदीसचं, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचं आणि प्रसंगांचं, एक भाषांतर चाळताना नसाई यांच्या संग्रहात एक प्रसंग वाचला. प्रेषितांच्या साथींना तेहतीस, तेहतीस, चौतीस असं म्हणायला सांगितलेलं होतं. एका अन्सारी, म्हणजे मूळच्या मदिनेतल्या, माणसाच्या स्वप्नात कुणीतरी आलं आणि म्हणालं, पंचवीस-पंचवीस करा आणि त्यात ला इलाह इल्लल्लाहही घ्या. सकाळी त्याने ते प्रेषितांना सांगितलं. ते म्हणाले, तसं करा. म्हणजे चार पंचविसा, त्याच चार नावांच्या, शंभर. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून फुपीला फोन लावला. दादीमाला हे माहीत होतं का गं? फुपी म्हणाली, "मालूम नई. उसकू पढना किधर आता था?" कदाचित तिने कुठल्या तरी वाजात ऐकलं असेल. कदाचित जुडी पंचवीसची असते म्हणूनच तिने तसं केलं असेल. मला यातलं काहीही चालेल. दादीमाने अदबीची मर्यादा मोडली नव्हती, एवढं मात्र त्या दिवशी पक्कं झालं, आणि ते तिला सांगता आलं नाही याचं फार वाईट वाटलं.

हल्ली बोटात घालायचा छोटा काउंटर मिळतो, बटण दाबलं की आकडा पुढे जातो. माझी भाची तो वापरते, मेट्रोत उभ्याउभ्या. तिला काही जण नावं ठेवतात. मला तो आवडतो. पूर्वी खजुराच्या बिया होत्या, खडे होते, मग मणी आले, दादीमाच्या विड्या होत्या, आता हा. तरी मी स्वतः बोटांवरच मोजते, आणि त्याला कारण आहे. प्रेषितांनी युसैरा नावाच्या बाईच्या सोबतच्या बायकांना सांगितलं होतं, सुब्हानल्लाह म्हणा आणि बोटांच्या टोकांवर मोजा, कारण कयामतीला बोटांना विचारलं जाईल आणि त्यांना बोलतं केलं जाईल. हे बायकांनाच सांगितलं होतं.

फुपी आता कुंभारीला असते, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत. विडी कामगार बायकांसाठी तिथे दहा हजार घरं झाली, २००६ साली चाव्या मिळाल्या. त्यासाठी निघालेल्या मोर्चांना फुपी जायची. लाल झेंडे, उन्हात भाजलेला डांबरी रस्ता, पद्मशाली, मुसलमान, दलित अशा सगळ्या बायका, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. घरी आली की हातपाय धुऊन नमाजीला उभी राहायची आणि मग बसल्या जागी तस्बीह. छाट काढणाऱ्या माणसाशीही ती जुडी उघडून, एकेक विडी दाखवून भांडायची. "इसमें क्या खोट है, बता." दादीमाने सोसलं ते फुपीने सोसलं नाही, आणि जिक्र मात्र दोघींनीही सोडलं नाही. हे मी माझ्या कॉलेजातल्या त्या रागासमोर ठेवते. ज्या तोंडाने ती अल्हम्दुलिल्लाह म्हणायची त्याच तोंडाने मजुरी वाढवून मागायची, आणि त्यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही. मलाही आता वाटत नाही.

त्या बोटांना विचारलं जाईल तेव्हा ती काय काय सांगतील याचा मी विचार करते. किती सुब्हानल्लाह, किती हजार विड्या, कुठल्या साली हजाराला किती मजुरी. छाट म्हणून बाजूला टाकलेल्या चांगल्या विड्या किती, आणि त्या टाकणारा कोण, हेही त्यांनी सांगावं. नावानिशी सांगावं.